रेषीय समीकरणाचा आलेख: कोऱ्या ग्राफ पेपरपासून छेदनबिंदूपर्यंत

नववी-दहावीतल्या पोरांसाठी लिहितोय, पण घरी त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांना आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा गणित हातात घेतलेल्यांनाही उपयोग होईल. आलेख हा गणितातला असा भाग आहे की जिथे नीट, सावकाश काम केलं तर आपलं बरोबर आलंय की चूक ते कागदच सांगतो, कोणाला विचारायला जावं लागत नाही. म्हणूनच मला हा धडा फार आवडतो आणि पोरं याला ऑप्शनला टाकतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पुस्तकात एक्स आणि वाय असतं, मी इथे क्ष आणि य लिहितोय, बाकी काही फरक नाही.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. २क्ष + ३य = १२ हे समीकरण घ्या. याचं उत्तर काय? क्ष ३ आणि य २ ठेवला तर ६ + ६ = १२, जमलं. क्ष ० आणि य ४ ठेवला तरी जमलं. क्ष ६, य ० पण चालतं. क्ष साडेचार आणि य १ ठेवून बघा, ९ + ३, ते पण १२! म्हणजे उत्तरं संपतच नाहीत, जोड्यामागून जोड्या निघत राहतात. त्या सगळ्या जोड्या लिहायला बसलो तर वही पुरणार नाही, पण कागदावर बिंदू म्हणून मांडल्या तर त्या सगळ्या एकाच सरळ रेषेवर येऊन बसतात. ती रेषा म्हणजेच आलेख. रेषेवरचा प्रत्येक बिंदू हे समीकरणाचं एक उत्तर आहे आणि रेषेबाहेरचा एकही बिंदू उत्तर नाही, हे जोवर मनापासून पटत नाही तोवर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होतं, म्हणून हा परिच्छेद हवं तर दोनदा वाचा.

सामान आणि अक्ष

ग्राफ पेपर, टोक केलेली पेन्सिल (बोथट पेन्सिलीचा ठिपकाच एक मिलिमीटरचा होतो, मग बिंदू नक्की कुठे आहे ते तुम्हालाच कळत नाही), खोडरबर आणि कड न तुटलेली पट्टी. पट्टी शक्यतो तीस सेंटिमीटरची घ्या, कंपासपेटीतली पंधराची लांब रेषेला कमी पडते आणि मग ती सरकवून जोड द्यायला गेलं की रेषा तिथेच वाकते.

ग्राफ पेपरवर ठळक रेघा साधारण एक सेंटिमीटरवर आणि बारीक रेघा एक मिलिमीटरवर असतात. कागदाच्या मध्याजवळची एक आडवी ठळक रेघ पट्टीने गिरवा, हा क्ष-अक्ष. एक उभी ठळक रेघ गिरवा, हा य-अक्ष. दोन्ही जिथे छेदतात तो आरंभबिंदू, (०, ०). अक्ष नेहमी ठळक रेघेवरच घ्या, बारीक रेघेवर घेतला तर पुढे प्रत्येक बिंदूला मोजामोज करावी लागते आणि निम्म्या चुका तिथेच होतात. अक्षांच्या टोकांना बाण करा, नावं द्या, उजवीकडे १, २, ३, डावीकडे −१, −२, −३, वर धन, खाली ऋण. आकडे अक्षाला चिकटून बारीक अक्षरात लिहा म्हणजे रेषा काढताना मध्ये येणार नाहीत.

आणि आत्ताच, विसरायच्या आधी, वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहून टाका: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक. परीक्षेत प्रमाण लिहायचं राहून जाणं ही सगळ्यात कॉमन गोष्ट आहे.

बीजगणित आणि आकृत्या अशा एकत्र बांधायची ही कल्पना १६३७ मध्ये छापली ती फ्रान्सच्या रने देकार्त या गणितज्ञाने. त्याच सुमारास पिएर द फर्मानेही स्वतंत्रपणे हाच विचार केला होता. समीकरण डोळ्यांनी बघता येतं ही किती मोठी सोय आहे ते दोन रेषा काढल्यावर तुम्हालाच जाणवेल.

बिंदू मांडणं

(३, २) म्हणजे क्ष ३, य २. क्रम बदलायचा नाही. आधी आरंभबिंदूपासून आडवं चालायचं, मग जिना चढायचा किंवा उतरायचा, एवढं लक्षात ठेवा. (३, २) साठी उजवीकडे ३ आणि वर २. (−३, ६) साठी डावीकडे ३, वर ६. (−२, −३) साठी डावीकडे २, खाली ३.

चार चरण असतात, उजवीकडे वर पहिला आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने दुसरा, तिसरा, चौथा. चिन्हं पाठ करायची गरज नाही, कुठल्या बाजूला चाललोय ते बघितलं की चिन्ह आपोआप कळतं.

अडकतं ते शून्यापाशी. (०, ४) कुठे येतो? आडवं शून्य, म्हणजे चालायचंच नाही, जागेवरून सरळ वर ४, म्हणून तो य-अक्षावर. आणि (६, ०) हा क्ष-अक्षावर. बरीच पोरं (०, ४) ला क्ष-अक्षावर टाकतात कारण नजर आधी ४ वर जाते. असे बिंदू मांडताना मोठ्याने म्हणा, आडवं किती, उभं किती. दोन-चार दिवसांत सवय होते.

टेबल

आता खरं काम. २क्ष + ३य = १२ साठी क्ष ला किंमती द्यायच्या आणि य काढायचा. कुठल्याही किंमती चालतात हे खरं, पण क्ष = १ घेतलात तर य = १०/३ येतो, म्हणजे ३.३३३..., आणि तो ग्राफ पेपरवर नक्की कुठे टाकणार? म्हणून आधी य एकटा करून घ्या:

य = (१२ − २क्ष) / ३

खाली ३ आहे, वर १२ ला ३ ने भाग जातो, तर २क्ष ला पण जायला हवा. म्हणजे क्ष ला ३ च्या पाढ्यातल्या किंमती द्या, ०, ३, ६, −३, आणि य प्रत्येक वेळी पूर्णांक येतो:

क्ष : ० | ३ | ६ | −३
य : ४ | २ | ० | ६
(क्ष, य) : (०, ४) | (३, २) | (६, ०) | (−३, ६)

तिसरी ओळ लिहायचा कंटाळा करू नका. बिंदू मांडताना नजर टेबलवरून कागदावर आणि परत अशी फिरत असते, जोडी कंसात तयार असली की उलटासुलटा होत नाही.

आता ऋण किंमत जरा जवळून बघू, कारण अर्ध्याहून जास्त आलेख इथेच बिघडतात. क्ष = −३ ठेवला. २क्ष झाला −६. वर लिहायचं १२ − (−६). कंस दिला नाही तर हात सवयीने १२ − ६ लिहून मोकळा होतो, उत्तर ६, भागिले ३, य = २, आणि बिंदू येतो (−३, २). खरं तर १२ − (−६) म्हणजे १२ + ६ = १८, भागिले ३, य = ६. ऋण संख्या ठेवताना कंस द्यायचाच, कितीही सोपं गणित असो. आणि बिंदू काढून झाला की मूळ समीकरणात परत टाकून बघा: २ × (−३) + ३ × ६ = −६ + १८ = १२. बरोबर. (−३, २) टाकला तर −६ + ६ = ०, तिथल्या तिथे कळलं असतं.

तिसरा बिंदू

रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, मग तीन-चार कशाला? कारण दोन बिंदूंतून रेषा जातेच जाते, बिंदू चुकीचा असला तरी! पट्टी काही तक्रार करत नाही. तिसरा बिंदू टाकलात आणि तो त्याच रेषेवर आला तर तुमचं गणित बरोबर आहे याची जवळजवळ खात्री झाली. नाही आला तर तीनपैकी एक तरी चुकलाय, तो शोधायचा, पट्टी थोडी तिरकी करून तिन्ही बिंदू कसेबसे गाठायचे नाहीत. मी शिकवताना हे इतकं ताणून धरतो की पोरं वैतागतात, पण उत्तरपत्रिकेत स्वतःची चूक स्वतःला सापडायची अशी दुसरी सोय गणितात फार कमी ठिकाणी मिळते. शक्य असेल तर तिसरा बिंदू बाकीच्या दोघांपासून लांबचा आणि ऋण बाजूचा घ्या, चिन्हाची चूक तिथेच उघडी पडते.

बिंदू थोडे लांबलांब असलेले बरे हेही सांगून ठेवतो. एक सेंटिमीटरच्या अंतरातले दोन बिंदू घेऊन रेषा लांबवली की पेन्सिलीची किंचित चूक टोकाला जाऊन चांगली दोन-तीन मिलिमीटरची होते.

आता पट्टी ठेवा आणि एका दमात रेषा ओढा, पहिल्या आणि शेवटच्या बिंदूच्या पुढेपर्यंत, दोन्ही टोकांना बाण. बिंदूपाशीच थांबलात तर तो रेषाखंड झाला, म्हणजे उत्तरं तिथेच संपली असं तुम्ही म्हणताय, आणि ती तर संपत नाहीत. रेषेच्या कडेला तिचं समीकरण लिहा.

झाली रेषा? मग एक गंमत करा. रेषेच्या खाली, आरंभबिंदूच्या बाजूचा कुठलाही बिंदू घ्या, समजा (१, १), आणि २क्ष + ३य काढा: ५. वरच्या बाजूचा घ्या, (५, ५): २५. खालच्या बाजूला सगळीकडे १२ पेक्षा कमी येतं, वरच्या बाजूला सगळीकडे जास्त, आणि बरोबर १२ फक्त रेषेवर. बारावीत रेषीय प्रोग्रॅमिंग करताना हेच पुढे येतं, तेव्हा आत्ता बघून ठेवलेलं वाया जात नाही.

चढ वापरून, टेबलाशिवाय

समीकरण य = मक्ष + क (म आणि क म्हणजे ठरावीक संख्या) अशा रूपात आणलं की टेबल न करताही रेषा काढता येते. आपलं समीकरण होतं य = −(२/३)क्ष + ४. शेवटचा ४ सांगतो की रेषा य-अक्षाला (०, ४) मध्ये छेदते, तिथे पहिला ठिपका. क्ष ला गुणणारा −२/३ हा चढ, त्याचा अर्थ उजवीकडे ३ घरं गेलात की खाली २ घरं उतरायचं. (०, ४) वरून ३ उजवीकडे, २ खाली, (३, २). पुन्हा तसंच, (६, ०). टेबलातलेच बिंदू आले बघा. चढ धन असेल तर रेषा उजवीकडे जाताना वर चढते, ऋण असेल तर उतरते. प्रश्नात टेबल मागितलं असेल तर मात्र टेबलच करा, ही रीत पडताळ्याला ठेवा.

जिथे गाडी अडते अशी समीकरणं

क्ष = ३. यात य कुठेच नाही, मग रेषा कशी? य काहीही असो, क्ष ३ च असला पाहिजे एवढंच म्हटलंय. म्हणजे (३, ०), (३, २), (३, −४), सगळे चालतात, आणि ते मांडले की उभी रेषा होते, य-अक्षाला समांतर. तसंच य = −२ ही आडवी रेषा, क्ष-अक्षाच्या दोन घरं खाली. क्ष = ३ वाचून क्ष-अक्षाच्या दिशेने आडवी रेषा काढायचा मोह होतो, तेव्हा तीन बिंदू लिहून बघा, लगेच सुटतं.

य = २क्ष. क्ष = ० ठेवला तर (०, ०), य = ० ठेवला तरी (०, ०). दोन्ही वेळा तोच बिंदू, मग दुसरा कुठून आणायचा? क्ष = १ किंवा २ ठेवा, (१, २), (२, ४), आणि डावीकडून (−२, −४). ज्या समीकरणात सुटी संख्या नसते त्यांची रेषा आरंभबिंदूतूनच जाते.

२क्ष + ४य = ५. इथे पोरं दहा किंमती ठेवून बघतात आणि एकदाही दोन्ही पूर्णांक येत नाहीत, मग वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नाहीये! क्ष आणि य पूर्णांक असतील तर डावी बाजू कायम सम येणार, उजवीकडे ५ विषम, जमणारच नाही. मग दशांश घ्या: क्ष = ०.५ ला य = १, क्ष = २.५ ला य = ०, क्ष = −१.५ ला य = २. १ सेमीला १ एकक असेल तर ०.५ बरोबर पाचव्या बारीक रेघेवर येतो, ग्राफ पेपरवर मिलिमीटरच्या रेघा असतात त्या यासाठीच.

दोन समीकरणं एकाच कागदावर

दहावीत एकसामायिक समीकरणं (दोन्ही एकाच वेळी खरी ठरायला हवीत अशी) आलेखाने सोडवायला येतात. आपली पहिली रेषा आहेच, तिच्याच कागदावर क्ष − य = १ काढू. य = क्ष − १, सोपं आहे:

क्ष : ० | १ | ३ | −२
य : −१ | ० | २ | −३

रेषा ओढलीत की ती पहिलीला (३, २) मध्ये छेदते. पहिल्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू पहिल्याचं उत्तर, दुसऱ्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू दुसऱ्याचं, आणि (३, २) दोन्हींवर आहे, म्हणून दोघांचं मिळून उत्तर तेच. पडताळा घ्या, ६ + ६ = १२, ३ − २ = १. उत्तर लिहिताना "छेदनबिंदूचे निर्देशक (३, २), म्हणून क्ष = ३, य = २ ही उकल" असं वाक्य पूर्ण लिहा, नुसता बिंदूला गोल करून सोडू नका.

कधी रेषा छेदतच नाहीत. २क्ष + ३य = १२ आणि ४क्ष + ६य = ६ काढून बघा, दुसरीचे बिंदू (०, १), (३, −१), (−३, ३), दोन्ही रेषा समांतर जातात, उकल नाही. आणि दुसरं समीकरण ४क्ष + ६य = २४ असेल तर ते पहिल्यालाच २ ने गुणलेलं आहे, रेषेवर रेषा बसते, उकली अनंत. म्हणून पेन्सिल उचलायच्या आधी सहगुणकांकडे, म्हणजे क्ष आणि य ला गुणणाऱ्या संख्यांकडे, एक नजर टाका. क्ष चे आणि य चे सहगुणक एकाच पटीत असतील तर तयारीत रहा, आणि नसतील तर रेषा कुठेतरी नक्की छेदणार, कागदात दिसत नसेल तर रेषा लांबवा नाहीतर प्रमाण बदला.

या छेदनबिंदूचं खऱ्या जगातलं उदाहरण बघायचं तर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसमधला चार्ट. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला ओळीने स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. पूर्वी कंट्रोलर हा चार्ट पट्टी-पेन्सिलीने कागदावर काढायचे, आता कॉम्प्युटरवर असतो. जोरात जाणाऱ्या गाडीची रेघ जास्त उभी, स्टेशनात थांबलेल्या गाडीची आडवी, कारण वेळ जातोय पण अंतर तेच, आणि समोरून येणारीची उलट्या उताराची. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे, तिथे समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे छेदतात ती जागा स्टेशनातच यायला हवी, म्हणून तर तुमची गाडी मध्येच एखाद्या छोट्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी राहते. बाहेर बघत बसलात की आता हे आठवेल.

प्रमाण कसं निवडायचं

पुस्तकातल्या गणितात १ सेमी = १ एकक चालून जातं, पण खरे आकडे मोठे असतात. तापमानाचं घ्या: फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. हेही रेषीय समीकरणच. सेल्सिअस क्ष-अक्षावर, फॅरनहाइट य-अक्षावर. बिंदू काढा: ० ला ३२ (पाणी गोठतं), १०० ला २१२ (पाणी उकळतं), मधला ५० ला १२२. आता २१२ सेंटिमीटरचा कागद कुठून आणणार? आधी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा बघायचा, मग कागदावर जागा किती ते बघायचं. १ सेमी = २० अंश घेतलं तर २१२ येतो १०.६ सेंटिमीटरवर, आरामात बसतं, आणि एक बारीक घर म्हणजे २ अंश, वाचायलाही सोपं. १ सेमी = ३० घेतलं असतं तर एक बारीक घर ३ अंशांचं, मग ३२ कुठे टाकायचा याची कटकट. प्रमाण शक्यतो १, २, ५, १०, २० असं घ्यावं ते याचसाठी.

रेषा झाली की थर्मामीटरवर ३९ सेल्सिअस दिसलं तर क्ष-अक्षावर ३९ पासून वर जा, रेषेला भेटा, तिथून डावीकडे य-अक्षावर वाचा, १०२ च्या किंचित वर. हिशेबाने १०२.२ येतं. आता डावीकडे खाली रेषा लांबवा आणि त्याच कागदावर य = क्ष ही रेषा काढा. दोन्ही (−४०, −४०) मध्ये छेदतात, म्हणजे उणे चाळीसला दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवतात.

दोन अक्षांवर वेगवेगळं प्रमाण घेतलं तरी चालतं, फक्त दोन्ही नीट लिहा, आणि एवढं ध्यानात ठेवा की मग रेषेचा तिरकेपणा डोळ्यांना खरा दिसत नाही, काटकोनात असलेल्या रेषाही तशा दिसत नाहीत.

मोबाईलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस फुकट मिळतं, समीकरण टाइप केलं की रेषा समोर. जरूर वापरा, पण हाताने काढून झाल्यावर ताडून बघायला. जिओजेब्रात य = मक्ष + क (इंग्रजी अक्षरांत y = mx + c) टाकून म आणि क चे स्लायडर हलवून बघा, म हलवला की रेषा कलते, क हलवला की तशीच वरखाली सरकते. हे पाच मिनिटं केलं तरी चढ कायमचा डोक्यात बसतो.

सरावाला

१) क्ष + य = ६ आणि २क्ष − य = ३. उत्तर (३, ३).

२) ३क्ष − य = २ आणि य = २क्ष. उत्तर (२, ४), आणि दुसरी रेषा आरंभबिंदूतून गेली पाहिजे, नाही गेली तर टेबल परत बघा.

३) आपल्याच दोन रेषा, २क्ष + ३य = १२ आणि क्ष − य = १, आणि क्ष-अक्ष मिळून जो त्रिकोण होतो त्याचं क्षेत्रफळ काढा. त्रिकोणात हलकं शेडिंग करा, शिरोबिंदू आलेखावरूनच वाचा: (१, ०), (६, ०) आणि (३, २). पाया क्ष-अक्षावर ५ एकक, उंची म्हणजे (३, २) चा य निर्देशक, २. क्षेत्रफळ ५ चौरस एकक. पटत नसेल तर त्रिकोणातली एक सेंटिमीटरची घरं मोजा, पूर्ण घरं आधी आणि तुकडे जोडून मग, पाचच्या आसपासच येतात.